नाशिकमधून आर अँड डी मॅनेजर होताना : कुठून शिरायचं, काय शिकायचं, काय सोडायचं

गेल्या दिवाळीत सिडकोतल्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा फराळाला आला होता. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. चकली खाता खाता म्हणाला, "काका, मला प्रोडक्शनला नाही जायचं. आर अँड डीत जायचं आणि पुढे तिथेच मॅनेजर व्हायचं." मी विचारलं, "आर अँड डीत दिवसभर काय करतात रे?" म्हणाला, "नवीन प्रॉडक्ट शोधतात ना?"

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत स्विचगिअरच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या, धंद्यात वीसेक वर्षं काढली. त्यातली शेवटची आठ डिझाइन आणि डेव्हलपमेंट सांभाळण्यात गेली. आमच्या टीमचा निम्म्याहून जास्त वेळ जुन्याच मालावर जातो. वेंडरने शटर ओढलं म्हणून पर्यायी पार्ट शोधा, मानकाची नवी आवृत्ती आली म्हणून पुन्हा टेस्ट करा, तांबं महागलं म्हणून कॉस्ट खाली आणा, साइटवर पॅनल जळालं म्हणून उलटतपासणी करा. पूर्णपणे नवीन म्हणावं असं प्रॉडक्ट दोन-तीन वर्षांत एखादं निघतं. हे ऐकून ज्याचा चेहरा पडत नाही, त्याने पुढे वाचावं. त्या मुलाला दोन संध्याकाळी बसून जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी नाशिकचा नकाशा नीट बघा

नाशिकमध्ये कारखाने भरपूर, पण कारखाना असणं आणि तिथे आर अँड डी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. सातपूरला महिंद्राचा मोठा प्लांट आहे, पण त्यांचं मुख्य संशोधन केंद्र, महिंद्रा रिसर्च व्हॅली, चेन्नईजवळ आहे. सिएटचा टायर प्लांट सातपूरला, संशोधन गुजरातेत हलोलला. मायको सर्कलला आपण अजून मायकोच म्हणतो, ती कंपनी आता बॉश झाली आणि तिचं इंजिनिअरिंगचं मोठं काम बंगळुरूला चालतं. थोडक्यात, इथल्या बऱ्याच मोठ्या नावांचे हात नाशिकला आणि डोकं बाहेर.

मग इथे काय आहे? विद्युत उपकरणांचा धंदा, म्हणजे स्विचगिअर, ब्रेकर, पॅनल, कपॅसिटर आणि त्यांच्या मागे उभे असलेले शेकडो लहान-मध्यम कारखाने. यातले अनेक स्वतःच डिझाइन करतात, कारण ऑर्डर ग्राहकाच्या गरजेप्रमाणे बदलत राहते. ओझरला एचएएल आहे आणि तिथेच विमानांच्या अद्ययावतीकरणाचं संशोधन व डिझाइन केंद्र आहे. तिथली भरती एचएएलच्या स्वतःच्या जाहिरातींतून होते, तेव्हा त्यावर लक्ष ठेवा. दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षं, वाइन, प्रक्रिया उद्योग. चितेगाव फाट्याला कांदा-लसणावर काम करणारं राष्ट्रीय फलोत्पादन संशोधन प्रतिष्ठान. शिवाय सिन्नर आणि गोंदे इथले प्लास्टिक, पॅकेजिंग, स्टीलवाले.

एक सोपा उपाय सांगतो, फारसं कुणी करत नाही. केंद्र सरकारचा डीएसआयआर नावाचा विभाग कंपन्यांच्या अंतर्गत संशोधन विभागांना मान्यता देतो आणि मान्यताप्राप्त विभागांची यादी जाहीर करतो. ती यादी उघडा आणि त्यात नाशिकचे पत्ते शोधा. ही मान्यता मिळायला संशोधनाची जागा, माणसं आणि हिशेब रोजच्या उत्पादनापासून वेगळे दाखवावे लागतात. म्हणजे त्या यादीत जी कंपनी आहे तिथे आर अँड डी नुसतं दरवाजावरच्या पाटीपुरतं नाही, एवढी तरी खात्री. दहा जॉब पोर्टल चाळण्यापेक्षा हे काम एका रविवारात होतं.

शिक्षणाचं फार कौतुक करू नका, पण कमीही करू नका

डिप्लोमा करून या खुर्चीपर्यंत आलेले लोक मला माहीत आहेत, पण त्यांना वाट लांब पडली. बीई किंवा बीएस्सी-एमएस्सी हा साधारण प्रवेश. औषध, रसायन, पॉलिमरमध्ये जायचं तर एमएस्सी किंवा एमटेक जवळजवळ लागतंच आणि पीएचडी असेल तर वजन पडतं. इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलमध्ये पीएचडी नसली तरी चालतं. गेट दिली तर आयआयटीच्या एमटेकचा दरवाजा उघडतो. नोकरी सोडता येत नसेल तर बिट्स पिलानीचा नोकरी करणाऱ्यांसाठीचा एमटेक आहे, आमच्या टीममधल्या दोघांनी तो केला. शेतीच्या बाजूने जायचं तर राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्याला जवळ.

एमबीएची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत. विशीत एमबीए करून आलेला मुलगा टेस्ट रिपोर्ट वाचू शकत नाही आणि पहिल्याच बैठकीत ते उघडं पडतं. पस्तिशीत, हाताखाली माणसं आल्यावर, हिशेबाचं शिक्षण घ्या. तेव्हा ते अंगी लागतं.

कॉलेजात असताना एक काम मात्र नक्की करा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नका. कुठल्या गल्लीत तयार प्रोजेक्ट मिळतात हे नाशिकच्या प्रत्येक इंजिनिअरिंगच्या मुलाला माहीत आहे आणि मुलाखत घेणाऱ्यालाही. त्याऐवजी एखाद्या लहान कारखान्यात जाऊन मालकाला विचारा, "तुमचं सगळ्यात जास्त रिजेक्शन कशात आहे?" त्यावर सहा महिने काम करा. सुटलं नाही तरी चालेल, पण काय काय करून पाहिलं ते आकड्यांनिशी सांगता आलं पाहिजे.

पहिली नोकरी : टेस्टिंगचा बाक

थेट आर अँड डीत जागा मिळाली तर उत्तमच. नाशिकमध्ये ती सहसा मिळत नाही. मग तीन दरवाजे उरतात : क्वालिटी, टेस्टिंग आणि न्यू प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, ज्याला सगळे एनपीडी म्हणतात. माझं मत विचाराल तर टेस्टिंग. प्रत्येक नवीन डिझाइन शेवटी तिथे येतं आणि तिथेच फुटतं. डिझाइनवाला खाली येऊन विचारतो, "काय झालं?" आणि त्या क्षणी जास्त माहिती तुमच्याकडे असते.

एनपीडीतही मजा आहे, पण लहान कंपन्यांत एनपीडी म्हणजे वेंडरमागे धावणं होऊन बसतं. सॅम्पल आलं का, टूल कुठवर आलं, पीपॅपचे, म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायचे, कागद कुठायत. दोन वर्षांनंतरही तुमच्या हातात ड्रॉइंग बदलायचा अधिकार आला नसेल तर जागा बदला. मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाणारी फॉलो-अपची यादी सांभाळून कुणी इंजिनिअर होत नाही.

एक बिघाड तळापर्यंत खणून काढा

माझ्या बाबतीत सगळं या एका पायरीवर फिरलं, म्हणून इथे जरा थांबतो.

तेव्हा मी टेस्टिंगला होतो. अडीच हजार अँपिअरचं पॅनल होतं आणि तापमानवाढीची चाचणी चालू होती. या चाचणीत बसबारमधून, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांतून, पूर्ण करंट सोडतात, सांध्यांवर तापमान मोजणारे थर्मोकपल चिकटवतात आणि तापमान स्थिर होईपर्यंत तासन्‌तास वाट बघतात. तासाभरात वाढ एका अंशापेक्षा कमी झाली की स्थिर झालं म्हणायचं. चांदीचा मुलामा दिलेल्या बोल्टच्या सांध्याला भोवतालच्या हवेपेक्षा ७५ अंश जास्त तापायची मुभा असते, आयईसी ६२२७१ मानकात तसं दिलेलं आहे. आमचे सगळे सांधे सत्तरच्या आत. एक सांधा ८२.

बैठक बसली. डिझाइनचं म्हणणं, बसबार जाड करू. पर्चेसवाल्यांनी तांब्याचा भाव सांगितला आणि खोलीत शांतता पसरली. प्लेटिंगवाल्याला फोन गेला, त्याने सगळं खापर बसबारच्या मालावर फोडलं. मी अगदी बारीक रोध मोजणारा मायक्रोओहम मीटर घेऊन खाली गेलो. त्या सांध्याचा रोध बाकीच्यांच्या जवळपास तिप्पट. म्हणजे दोष बसबारच्या जाडीचा नव्हता, सांध्यातच काहीतरी होतं. पण काय?

असेंब्लीला एक जुने काका होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. मला म्हणाले, "साहेब, त्या बोल्टाला टॉर्क रेंच लागतच नाही. पत्र्याची घडी आड येते. आम्ही रिंग पान्याने अंदाजाने आवळतो." ड्रॉइंगमध्ये टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा व्यवस्थित लिहिलेला होता. तो तिथे लावता येतो का, हे ड्रॉइंग काढणाऱ्याने कधी खाली येऊन पाहिलंच नव्हतं. पत्र्याच्या घडीला एक खाच दिली, रेंच आत जाऊ लागला, पुन्हा चाचणी घेतली. ७१. तांबं एक ग्रॅमही वाढलं नाही.

पुढच्या महिन्यात मला डिझाइनला घेतलं. नंतरच्या दोन मुलाखतींत समोरच्यांनी बाकी काहीही न विचारता पाऊण तास याच सांध्यावर बोलायला लावलं. म्हणून सांगतो, तुमच्या नावावर असा एक बिघाड हवा, ज्याची लक्षणं, मोजमापं, चुकलेले तर्क, खरं कारण आणि उपाय हे सगळं तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. आणि त्यातले चुकलेले तर्क लपवू नका. मुलाखत घेणारा नेमके तेच ऐकायला बसलेला असतो.

हत्यारं

यादी लांब आहे, पण सगळी हत्यारं एकाच वेळी लागत नाहीत. पहिल्या तीन वर्षांत एक थ्रीडी सॉफ्टवेअर, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सची, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची, भाषा आणि मोजमापाची साधनं हातात बसली पाहिजेत. पुढच्या तीन वर्षांत प्रयोगांची आखणी. पाच घटक एकेक बदलून पाहिले तर आयुष्य जातं आणि त्यांचे एकमेकांवरचे परिणाम तरीही कळत नाहीत. मिनिटॅबसारख्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने काम सोपं होतं, पण आधी एकदा कागदावर करून बघा.

एफएमईए, म्हणजे काय काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय याचा तक्ता, सगळ्यांनाच भरावा लागतो आणि बहुतेक जण तो ऑडिटच्या आदल्या रात्री भरतात. वाहन उद्योगाच्या २०१९ च्या नव्या पुस्तिकेत तीन आकड्यांचा गुणाकार करून जोखीम ठरवायची जुनी पद्धत जाऊन कृतीचा प्राधान्यक्रम ठरवायची पद्धत आली. आमच्याकडे अजून बरेच जण जुनाच गुणाकार करतात. ग्राहकाचा ऑडिटर हसतो.

आणि वही. पानांना क्रमांक असलेली, रोज तारीख टाकलेली, खाडाखोड न लपवलेली वही. ‘काय केलं’ यापेक्षा ‘काय होईल असं वाटत होतं आणि काय झालं’ हे लिहा. दीड वर्षाने कुणी विचारतं, "हा गॅस्केट आपण का नाकारला होता?" तेव्हा ज्याच्या वहीत उत्तर असतं, बैठकीत त्याच्याकडे मान वळते.

पेटंट : एवढं तरी माहीत हवं

मॅनेजरच्या जागेसाठी बायोडेटात एखादं पेटंट असलं की फरक पडतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या पेटंटवर आपला पाय पडू न देणं. कुठलंही डिझाइन सुरू करण्याआधी भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि गूगल पेटंट्सवर दोन दिवस शोध घ्या. फुकट आहे.

आधी प्राथमिक अर्ज करता येतो, मग १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो. साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते, २०२४ च्या नियमबदलानंतर तिची मुदत ३१ महिन्यांवर आली आहे. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. ऑनलाइन अर्जाची मूळ फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना १,६०० रुपये, मोठ्या कंपन्यांना ८,०००. खरा खर्च एजंटचा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, त्यासाठी पंचवटी एक्स्प्रेस पकडायची गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं.

इथे एक चूक वारंवार होताना पाहिली आहे. औद्योगिक प्रदर्शन आलं की मालक उत्साहाने नवं मॉडेल स्टॉलवर मांडतात आणि अर्ज "नंतर बघू" म्हणतात. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना कायद्यात सवलत आहे, पण बाकी कुठेही आधी दाखवलं की नावीन्य गेलं. आधी अर्ज, मग स्टॉल. तुमचं नियुक्तीपत्रही नीट वाचा. पेटंटची मालकी कंपनीकडे देण्याचं कलम त्यात बहुधा असतंच. शोधकर्ता म्हणून तुमचं नाव मात्र राहायला हवं, त्यासाठी भांडावं लागलं तर भांडा.

हिशेब

सीनियर इंजिनिअर आणि मॅनेजर यांच्यातली खरी भिंत ही. तांत्रिक बाबतीत माझ्याहून हुशार दोघे जण त्या भिंतीपाशीच थांबले, कारण त्यांना "हे करायला किती लागतील आणि कधी परत येतील?" या प्रश्नाचा राग यायचा.

प्रत्येक प्रोजेक्टचा एक पानी हिशेब मांडायची सवय लावा : माणसांचे तास, टूलिंग, प्रोटोटाइप, बाहेरच्या चाचण्या, प्रमाणपत्रं. चाचण्यांचा आकडा नवखे नेहमी चुकवतात. शॉर्टसर्किटसारखी टाइप टेस्ट, म्हणजे नव्या डिझाइनची मान्यतेसाठीची चाचणी, करायला आपलं पॅनल सहसा भोपाळ किंवा बंगळुरूच्या सीपीआरआय या सरकारी प्रयोगशाळेत, नाहीतर बडोद्याच्या एर्डा या चाचणी संस्थेत न्यावं लागतं. ट्रक, क्रेन, चार माणसांचा मुक्काम आणि तारीख. तारीख महिनोन्‌महिने आधी घ्यावी लागते, आणि तिथे पॅनल नापास झालं तर पुन्हा रांगेच्या शेवटी. बजेटमध्ये एक चाचणी नापास होईल असं धरूनच चला. साहेब विचारतील, "अपयश का धरलंय?" त्यांना मागच्या तीन प्रोजेक्टचे कागद दाखवा.

करसवलतीचंही थोडं माहीत असू द्या. मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधनावर एके काळी खर्चाच्या २०० टक्के वजावट मिळायची, एप्रिल २०१७ पासून ती १५० टक्के झाली आणि २०२० नंतर १००. जुन्या सवयीचे मालक अजून "सरकार दुप्पट देतं" या हिशेबावर आर अँड डी उभारायला निघतात. त्यांना वेळीच सांगणं हे तुमचं काम. जैवतंत्रज्ञानाशी संबंध येत असेल, आणि द्राक्ष-कांद्याच्या जिल्ह्यात तो येऊ शकतो, तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत मिळू शकतं.

थांबवायची विद्या

लासलगावचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली तिथे विकिरण केंद्र उभारलं. कांद्यावर गॅमा किरणांची अल्प मात्रा दिली की कोंब फुटत नाहीत. विज्ञान पक्कं होतं. पण किरण कोंब थांबवतात, सड आणि वजनातली घट थांबवत नाहीत. त्यासाठी शीतगृह लागतं, म्हणजे वीजबिल, आणि कांद्याचा भाव कधी पडेल याचा भरवसा नाही. जिल्ह्यातला शेतकरी आजही कांदाचाळीवरच विसंबून आहे. त्याच केंद्रातून २००७ पासून आंबे अमेरिकेला जाऊ लागले, कारण तिकडे किडीच्या बंदोबस्तासाठी विकिरणाशिवाय आंबा घेतच नव्हते. केंद्र एकच. एका मालाच्या गिऱ्हाइकाला ते घ्यावंच लागत होतं, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाचं त्यावाचून अडत नव्हतं.

मॅनेजर झाल्यावर तुमच्या टेबलावर सहा-सात प्रोजेक्ट असतील आणि त्यातल्या निम्म्यांना कांद्याचं दुखणं असेल. प्रयोगशाळेत चालतं, विकत कुणी घेत नाही. म्हणून टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याला आधीच लिहून ठेवा की काय झालं नाही तर काम बंद. हे आधी लिहिलं नाही तर नंतर बंद करता येत नाही, कारण तोवर कुणाच्या तरी दोन वर्षांच्या मेहनतीचा प्रश्न झालेला असतो. मी एकदा असं एक काम ११ महिने जास्त ओढलं, कारण ज्याने ते सुरू केलं होतं तो मुलगा मला आवडायचा. शेवटी बंद केलंच. तो सोडून गेला, आणि जाताना म्हणाला, "सर, आधीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

माणसांबद्दल आणखी एकच. हुशार माणसाला दर आठवड्याला "कुठवर आलं?" विचारू नका, "कुठे अडलं?" विचारा. आणि महिन्यातून एक दिवस अख्ख्या टीमला असेंब्लीला उभं करा, खाच नसलेले पत्रे तिथेच दिसतात.

बाहेर जायचं की नाही

जावं. तीन ते पाच वर्षं पुणे, बंगळुरू, चेन्नई, जिथे तुमच्या धंद्याचं डोकं आहे तिथे. मी गेलो नाही आणि त्याची किंमत मोजली. मोठ्या प्रणालींचं डिझाइन कसं चालतं ते मला चाळिशीत, दुसऱ्यांच्या कागदांवरून शिकावं लागलं. आईवडील इथे, घर इथे, हे सगळं खरं. पण तिकडे जाऊन परत आलेल्या माणसाला अंबड-सातपूरचे मध्यम कारखाने हातोहात उचलतात. मालकाची दुसरी पिढी आली आहे, तिला स्वतःचं प्रॉडक्ट हवंय आणि ते उभं करणारा माणूस गावात मिळत नाही.

मुलाखतीला जाताना

बायोडेटा दोन पानी. "जबाबदार होतो", "सहभाग घेतला" असल्या ओळी काढून टाका. त्याऐवजी तीन प्रोजेक्ट, प्रत्येकाला चार ओळी : अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केलं, आकडा कुठून कुठे गेला, खर्च किती झाला. चौथा प्रोजेक्ट असा लिहा जो बंद पडला, आणि का.

कंपनीची गुपितं, ड्रॉइंग, पेनड्राइव्ह नेऊ नका. जुन्या मालकाचं ड्रॉइंग दाखवणारा उद्या आमचंही दाखवेल, एवढं समोरच्याला कळतं. कोरा कागद मागून घ्या आणि तत्त्व हाताने काढून समजावा.

शेवटी ते विचारतील, "तुम्हाला काही विचारायचंय?" तेव्हा हे तीन प्रश्न विचारा. आर अँड डीचं बजेट कोण मंजूर करतं? मागच्या तीन वर्षांत किती प्रोजेक्ट सुरू झाले आणि किती बंद केले? डिझाइन बदलायची शेवटची सही कुणाची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "एकही बंद केला नाही" असं आलं, तर पगाराचं बोलणं जरा सावकाश करा.

शेजाऱ्यांच्या मुलाला हे सगळं सांगून झालं तेव्हा फराळाचं ताट रिकामं झालं होतं. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. सातपूरला एका लहान कारखान्यात टेस्टिंगला लागलाय, दुसरी पाळी. म्हणाला, "काका, इथे एक मोटर दर तिसऱ्या दिवशी ट्रिप होते, सगळे म्हणतात व्होल्टेजमुळे. मला नाही वाटत." मी विचारलं, वहीत लिहिलंस का? म्हणाला, "वही आज आणतो."